हॅकल, हॅकेल आणि हरवलेली वही

१

कपाट उघडलं तेव्हा चारला पाच कमी होते. हे मी नेमकं सांगते, कारण पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून मला नेमकं सांगायची खोड लागली आहे. लोक आधी पाठीमागे आणि आता तोंडावरही मला 'कानामात्रा' म्हणतात. म्हणोत बापडे.

वरच्या फळीवर मी गुरुवारी माझ्या हातांनी तीन गठ्ठे ठेवले होते. एकात मंडळाच्या सभांची इतिवृत्तं, दुसऱ्यात जुनी वार्तापत्रं, तिसऱ्यात उस्तादांची वही. शुक्रवारी तिथे दोनच गठ्ठे होते. शेजारी सुती नाडीचे तीन कापलेले तुकडे पडले होते. उरलेले दोन्ही गठ्ठे सोडलेले, पण कागद चारी कोपरे जुळवून नीट रचलेले. वरच्या गठ्ठ्यावरचं नाव मात्र खाली डोकं वर पाय झालं होतं. वही नव्हती.

माझ्या मागे उस्तादांची लेक उभी होती. औषधांच्या दुकानात ती कामाला आहे, तिथून तासाभराची सुट्टी मागून धावत आली होती.

"मावशी, खालच्या फळीवर असेल."

खालच्या फळीवर रंगाच्या बाटल्या होत्या.

"मग कुणी वाचायला घेतली असेल."

मी फळीवरच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. तिला कळलं. ती तिथेच जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी कपाटाचं दार धरून राहिली, जणू ते सोडलं तर सगळंच गेलं.

आता हे मंडळ कसलं ते सांगायला हवं. गळावर बारीक दोरा, पिसं, केस गुंडाळून त्याला किड्याचं रूप द्यायचं, म्हणजे मासा फसतो. त्या बनावट किड्याला म्हणायचं माशी, आणि तो करण्याला माशी बांधणं. नदीकाठच्या आमच्या गावात या नादाचे चौघे आहेत. घड्याळाच्या दुकानावरच्या माडीवर रोज दुपारी दोन ते चार ते आपापल्या टेबलाशी बसतात. मी स्वतः जन्मात एकही माशी बांधलेली नाही. जेवताना ताटावर बसलेली हाकलते तेवढाच माझा संबंध.

उस्ताद त्या चौघांतले सर्वांत थोर. वय शहात्तर. साठ वर्षांत त्यांनी स्वतः जुळवलेल्या ब्याण्णव माश्या त्या वहीत होत्या. 'भिजका कारकून', 'तांबडी जाऊ', 'रुसलेली' अशी त्यांची नावं. प्रत्येक पानावर कृती, आणि पानाच्या कडेला त्या माशीत लागणारं पीस दोऱ्याने शिवलेलं. पिसं मोडतील म्हणून वही त्यांनी कुणाला यंत्राखाली धरू दिली नव्हती, तेव्हा नक्कल कुठेच नाही. त्या वहीचं पुस्तक छापायचं ठरलं आणि मजकूर तपासायला मला बोलावलं.

आणि उस्तादांचे डोळे चालले होते. नस वाळत होती. महिनाअखेरपर्यंत दिसेल, पुढचं मला विचारू नका, असं डॉक्टरांनी लेकीला सांगितलं होतं. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत वही छापखान्यात पोचली तर दहा दिवसांत पुस्तक हातात. पाच वाजून गेले तर पुढचे दोन महिने छापखाना शाळेच्या पुस्तकांत अडकणार. उस्ताद एकदाच बोलून गेले होते, "छापलेलं एकदा डोळ्यांनी बघितलं की झालं." त्या दिवसापासून लेकीच्या पोटात नीट घास जात नव्हता.

"मावशी," जमिनीवरूनच ती म्हणाली, "उद्या पाचपर्यंत वही शोधून द्या. कुणी घेतली ते मला नको. फक्त वही द्या. माझ्या बाबांना ते पुस्तक दिसलं पाहिजे."

मी होकार दिला. कशाच्या जोरावर दिला, देव जाणे.

२

या सगळ्या भानगडीचं मूळ एका शब्दात होतं.

कोंबड्याच्या मानेचं लांब पीस गळाभोवती गुंडाळलं की त्याचे तंतू किड्याच्या पायांसारखे उभे राहतात. त्या पिसाला ही मंडळी हॅकल म्हणतात. किंवा हॅकेल. उस्तादांनी वहीत हात चालेल तसं दोन्ही लिहिलं होतं. मी मोजलं, तीनशे सतरा जागा. मी आपली सवयीने म्हणून गेले, "कुठलंही ठेवा, पण सगळीकडे एकच ठेवा." तेवढं तोंड मिटून बसले असते तर बरं झालं असतं.

घड्याळवाले उसळले. "चाळीस वर्षं पिसांच्या पाकिटावर हॅकल वाचतोय मी. आता काय पाकीट खोटं ठरवायचं?"

मास्तरीणबाई सकाळच्या शाळेत भाषा शिकवतात. त्या म्हणाल्या, "मूळ इंग्रजी शब्दात शेवटी 'ई' आहे. तो काय उंदरांनी खाल्ला?"

निवृत्त पोस्टमन मध्ये पडले. "सरळ मानपीस म्हणा की!" त्यावर सात आठवड्यांत पहिल्यांदाच घड्याळवाले आणि मास्तरीणबाई यांचं एकमत झालं. दोघेही पोस्टमनवर तुटून पडले.

तुम्हाला हसू येईल. मलाही आधी यायचं. पण हळूहळू चहा वेगळा झाला, टेबलं लांब सरकली. घड्याळवाल्यांनी सांगितलं, हॅकेल छापलं तर माडीचं कुलूप बदलीन. मास्तरीणबाई म्हणाल्या, हॅकल छापण्यापेक्षा वही नदीत गेलेली बरी. पोस्टमनचं दुखणं वेगळंच होतं. त्यांनी जुळवलेली 'टपाल्या' नावाची माशी उस्तादांनी पुस्तकात घेतली नव्हती. ते बोलायचे नाहीत, पण पुस्तकाचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघत बसायचे.

शेवटी गुरुवारी मीच तोडगा काढला. पुस्तक उस्तादांचं, शब्द त्यांनी ठरवावा.

"तोंडी नको," घड्याळवाले म्हणाले. "घाईत बोललं की दोन्ही सारखंच ऐकू येतं. उद्या बाई म्हणतील, मी असं ऐकलं."

"मग लेखी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. पानोपानी लाल पेन्सिलीने खूण करायची. तीनशे सतराही जागा."

ठरलं. शुक्रवारी बरोबर चारला उस्तादांनी सर्वांच्या देखत वही उघडायची. मी तिन्ही गठ्ठ्यांना वर-खाली पुठ्ठे लावून नवी नाडी बांधली, मास्तरीणबाईंनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात हातभर मोठी नावं लिहून प्रत्येकावर चिकटवली. उस्तादांनी नुसती मान हलवली. त्यांना हा तमाशा आवडला नाही असं मला वाटलं. आमची लाजही वाटली.

आणि बरोबर चारला वही नव्हती.

३

"हे या बाईंचं काम आहे!" घड्याळवाले ओरडले. "नदीत टाकीन म्हणाल्या होत्या!"

"आणि कुलूप कुणाच्या हातात आहे?" मास्तरीणबाईंनी उलट विचारलं.

कुलूप सगळ्यांच्याच हातात होतं. किल्ली जिन्यातल्या खिळ्यावर असते, हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक आहे. पण बाहेरचं कुणी आलेलं नव्हतं. खालचं दार उघडलं की घंटा वाजते, आणि दोन ते चारमध्ये ती दोनदाच वाजली होती. एकदा घड्याळवाल्यांचं गिऱ्हाईक, एकदा मी आणि लेक बरोबरच. दुपारी दोनला घड्याळवाल्यांनी रंगाची बाटली काढली तेव्हा वही जागेवर होती. म्हणजे जे काही झालं ते माडीवर बसलेल्या चौघांच्या नाकासमोर, भर उजेडात.

कपाट फळ्यांच्या आडभिंतीमागे आहे. हात धुवायचं भांडं, पाण्याचा माठ आणि उस्तादांची पिसांची पेटीही तिथेच. त्यामुळे प्रत्येक जण एकदा तरी मागे गेलेला.

"माशीला वार्निश लावलं होतं, ते हात धुवायला गेले होते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ताई, रागाच्या भरात माणूस बोलतो. पण मुलांची वही फाडली तर मी त्यांना वर्गाबाहेर काढते. मी असं करीन?" आणि त्या रडायला लागल्या. शाळेतली बाई रडते तेव्हा बघवत नाही.

घड्याळवाले गिऱ्हाइकाकडे जाताना बाटली परत ठेवायला मागे गेले होते. कपाटाकडे नीट पाहिलं का विचारलं तर म्हणाले, "माझं लक्ष घंटेकडे होतं, कानामात्राबाई. आठवत नाही." ते प्रामाणिक वाटले, पण प्रामाणिक वाटणं हा पुरावा नव्हे.

पोस्टमन पाणी प्यायला गेले होते. मी 'टपाल्या'चा विषय काढला तसा त्यांचा चेहरा पडला.

"माझी माशी घेतली नाही म्हणून मी चोर? तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं पोचवली. एक उघडलं नाही. लग्नं मोडलेली, माणसं गेलेली, सगळं या खांद्यावरून गेलं. आणि आता एका वहीसाठी हात मारीन?"

या सगळ्या गदारोळात उस्ताद आपल्या टेबलाशी बसून माशी बांधत होते. बाकी तिघांच्या टेबलांवरचे दिवे लागलेले होते. खिडकी टेबलांपासून लांब आहे आणि दुपार ढगाळ होती. उस्तादांचा दिवा तेवढा बंद. दोरा फिरत होता, पीस वळत होतं, कात्री बोटातल्या बोटात उघडत मिटत होती. मला वाटलं, काय सराव आहे या बोटांचा!

"उस्ताद, तुम्ही काही ऐकलंत?"

"काम करताना मी ऐकत नाही, बाई."

"तुमची वही गेली आहे."

"कळलं." त्यांनी गाठ मारली. "पोरीला घरी न्या कुणीतरी. ती सकाळपासून उपाशी असेल."

पिशव्या तपासल्या, टेबलांचे खण तपासले, उस्तादांची पेटीही उघडून पाहिली. घड्याळवाले म्हणाले, "पोलिसांत द्या."

"पोलीस उद्या पाचच्या आत वही देतील का?" लेकीने विचारलं.

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग असं काही केलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तिघांनाही हात जोडले. "कुणी घेतली असेल तर जिन्यात ठेवून जा. मी विचारणार नाही. हवा तो शब्द छापा. तीनदा छापा. पण त्यांना दिसतंय तोवर छापा."

मी घरी गेले ती स्वतःला शिव्या देत. कुठलंही एकच ठेवा म्हणे!

४

शनिवारी सकाळी आठला मी माडीवर एकटी गेले आणि कपाटासमोर स्टूल टाकून बसले. जिन्यात वही नव्हती. वाटेत तीनदा वाकून पाहिलं होतं.

मुद्रित तपासताना एक युक्ती असते. मजकूर वाचायचा नाही, नुसतं बघायचं. मी बघत बसले.

आधी नाडी. मी तिला सरगाठ मारली होती आणि शेंडा चांगला वीतभर बाहेर सोडला होता. ओढला की सुटते. समोर लोंबणारा शेंडा दिसत असताना तो ओढायचं सोडून नाडी कापेल कोण? ज्याच्या हातात कापायचं साधन आधीपासूनच आहे तो. शिवाय तिन्ही ठिकाणी नाडी गाठीला अगदी चिकटून, एका घावात कापलेली. माशी बांधणारे दोरा असाच कापतात, शेंडा राहू देत नाहीत. हात आपोआप तिथे जातो.

मी उठून टेबलं पाहून आले. घड्याळवाले दोरा पात्याने कापतात, आणि ते पातं टेबलाच्या कडेला स्क्रूने पक्कं बसवलेलं आहे. पोस्टमन नेलकटर वापरतात, त्याने बोटभर रुंद नाडी एका घावात कापणं शक्य नाही, कुरतडल्यासारखी होईल. मास्तरीणबाईंची कात्री फितीने टेबलाला बांधलेली असते. वर्गात कात्र्या हरवतात, तेव्हापासूनची त्यांची सवय. ती फीत हातभर लांब, आडभिंतीपर्यंत पोचायची नाही.

राहिले कोण? एकच माणूस असा होता जो कात्री कधी खाली ठेवत नाही. अनामिकेत अडकवलेली, तळहातात मिटलेली. तशीच घेऊन ते चहा पितात, तशीच घेऊन पिसांच्या पेटीकडे जातात.

छे! मी स्वतःलाच म्हटलं. कानामात्रा, तुझं वय झालं. माणूस आपलीच वही कशाला चोरेल? मागितली असती तर कुणी नाही म्हटलं असतं का?

मग मी गठ्ठ्यांकडे बघितलं. चोराने तिन्ही गठ्ठे सोडले होते. काल सगळे म्हणाले होते, घाईत केलं असेल. पण घाईतला माणूस उरलेले कागद चारी कोपरे जुळवून ठेवत बसतो का? आणि तीन गठ्ठे सोडायचे कशाला? प्रत्येकावर हातभर अक्षरात नाव होतं. एका नजरेत कळलं असतं.

एका नजरेत.

वरच्या गठ्ठ्यावरचं नाव उलटं होतं. कोपरे नीट, कडा नीट, बोटांनी जेवढं नीट करता येतं तेवढं सगळं नीट. फक्त नाव उलटं.

मला एकदम तो बंद दिवा आठवला. चोर सापडला होता, आणि तो सापडायला नको होता असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

५

उस्तादांच्या दोन खोल्या शाळेमागच्या गल्लीत आहेत. मी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. लेक दुकानात होती, साडेबाराला सुटणार होती. दार नुसतं लोटलेलं होतं.

"या बाई," मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले. "तुमच्या चपलेचा अंगठा तुटलाय. फटफट वाजतोय."

ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, सदरा स्वच्छ. माझ्याकडे बघून हसले. अगदी माझ्याकडे बघून. क्षणभर मला वाटलं, आपलं चुकलं. चुकलं असावं अशी मी मनोमन प्रार्थनाच केली.

"उस्ताद, वही सापडली तर वेळ घालवायला नको. शब्द आत्ताच ठरवू या. मी दोन कागद आणलेत. एकावर हॅकल लिहिलंय, एकावर हॅकेल. तुम्हाला हवा तो दाखवा, म्हणजे भांडण मिटलं."

मी दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते समोर धरले. अंतर बरोबर धरलं. डोळे थोडे बारीक केले. एकावरून दुसऱ्यावर मान वळवली. इतकं बेमालूम की मी बघतच राहिले.

"हा," उजवा कागद पुढे करून ते म्हणाले. "हा बरा दिसतो."

दोन्ही कागद कोरे होते.

६

मी काही बोलले नाही, पण माझं न बोलणं त्यांना ऐकू गेलं असावं. त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग दोन्ही कागद मांडीवर ठेवले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन आठवडे होतील. सकाळी उठलो आणि उजेडच आला नाही. मला वाटलं, अजून उठायची वेळ झाली नसेल."

"तीन आठवडे! आणि हे सगळं चालणं, जिना, माश्या बांधणं..."

"साठ वर्षं बांधतोय. त्याला डोळे लागतच नाहीत, हे मलाही आत्ताच कळलं." ते जरासे हसले. "पोरीला मात्र कळू द्यायचं नव्हतं. ती रोज येऊन सांगते, बाबा, अठरा दिवस राहिले. बाबा, सतरा. तिच्या आवाजात एवढीच एक आशा उरलीय, बाई. ती काढून घेऊ? आधी वाटलं, पुस्तक आलं की हातात धरीन, पानं उलटीन, वा वा म्हणेन. तेवढं जमलं असतं. पण तुम्ही लोकांनी लाल पेन्सील काढलीत. तीनशे सतरा जागा! त्या पानोपानी कुठून दाखवणार होतो मी?"

"वही कुठे आहे?"

"माडीवरच. पिसांच्या पेटीत, तळाशी. तुम्ही पेटी उघडलीत, पण वरची पिसं उचलायला कुणाचा हात धजावला नाही."

"आणि पुढे काय करणार होतात?"

"सोमवारी सापडली असती. पाचची वेळ टळली की छापखाना बंद. पुस्तक दोन महिन्यांनी आलं असतं. तोवर डोळे गेले असं सांगायला कुणाची हरकत नव्हती. उशीर झाला, एवढंच झालं असतं. कुणाचा दोष नाही."

मला राग आला. सांगायला लाज वाटते, पण त्या आंधळ्या म्हाताऱ्याचा मला भयंकर राग आला.

"कुणाचा दोष नाही? मास्तरीणबाई काल सगळ्यांसमोर रडल्या. पोस्टमनवर चोरीचा आळ आला. ते जाऊ द्या, ते सावरतील. पण तुमची लेक? वही वेळेवर छापखान्यात पोचवायचा ध्यास तिचा होता. वही गेली, उशीर झाला, आणि बाबांना पुस्तक दिसायचं राहिलं. हे ती कुणाच्या माथ्यावर टाकणार? स्वतःच्या. जन्मभर! तुम्ही तिचं दुःख वाचवत नव्हता, उस्ताद. तुम्ही ते तिच्या नावावर करत होता."

त्यांचा हात कात्री शोधत असल्यासारखा मांडीवर हलला. हे त्यांच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. एवढा बारीक हिशेब करणारा माणूस, आणि नेमकी तीच जागा सुटली होती.

"तुम्ही सांगाल तिला?" त्यांनी विचारलं.

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

मी माडीवर जाऊन पेटीतून वही काढली. कोंबड्यांच्या मानांची पिसं पुन्हा होती तशी रचून ठेवली. खाली घड्याळवाल्यांना एवढंच म्हटलं, "वही मिळाली. पोस्टमनची माफी मी मागेन, मास्तरीणबाईंची तुम्ही मागा. आज मागा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

परत आले तर लेक माझ्या आधी पोचली होती. दारातच तिला माझ्या छातीशी धरलेली वही दिसली. ती ओरडलीच. "मावशी! एकच वाजतोय! अजून चार तास आहेत! बाबा, मिळाली! दिसणार तुम्हाला!"

"इकडे ये," उस्ताद म्हणाले. "बस."

त्यांनी सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, काही लपवलं नाही, वही कुणी घेतली तेही नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मग ती उठल्याचा आवाज आला. मी वळले. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून त्यांच्या डोळ्यांत बघत होती. अगदी जवळून.

"मी दिवसातून तीनदा या डोळ्यांत औषध घालते," ती म्हणाली. "सकाळ, दुपार, संध्याकाळ. हाताने पापणी उघडून. मला कसं कळलं नाही, बाबा? मी काय बघत होते?"

"मी कळू दिलं नाही, पोरी."

"तुम्हाला काही दिसत नव्हतं आणि मी दिवस मोजून दाखवत होते!" मग ती रडली. त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून, लहान मूल रडतं तशी, मोठ्याने. त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला आणि तो फिरवत राहिले. मला तिथून जायला हवं होतं. गेले नाही.

दीड वाजला. "मी वही घेऊन निघते," मी म्हटलं. "पुस्तक तरी वेळेवर होईल."

लेकीने डोळे पुसले आणि हात पुढे केला. मी वही दिली. तिने ती उघडली, पहिल्या पानावरचं पीस बापाच्या बोटांखाली धरलं आणि वाचायला लागली. उस्ताद ऐकत होते. स्वतः लिहिलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असेल.

"थांब," ते दुसऱ्याच पानावर म्हणाले. "पाच वेढे लिहिलेत? चार हवेत. पाचाने मान जाड होते."

तिने पेन्सील घेतली. थोड्या वेळाने ती अडखळली. "इथे हॅकल लिहिलंय आणि खालच्या ओळीत हॅकेल. कुठलं ठेवू?"

"तुझ्या तोंडी कुठलं येतं?"

"हॅकल."

"मग तेच ठेव."

सात आठवड्यांचं भांडण असं मिटलं. मास्तरीणबाईंना हे कसं सांगायचं, ते मी नंतर बघेन म्हटलं.

अडीच वाजले, साडेतीन वाजले. वही अजून पंचविसाव्या माशीवर होती आणि चुका निघतच होत्या. मी पिशवी खांद्याला लावून दाराशी बसले होते. उठा म्हणायला माझी जीभ वळली नाही, आणि त्या दोघांपैकी कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. पाचला दहा कमी असताना माझा फोन वाजला. छापखान्यातून होता.

"कानामात्राबाई, येताय ना? दहा मिनिटांत कुलूप लावतोय. मग दोन महिने आमचं नाव काढू नका."

मी आत पाहिलं. लेक वाचत होती, आणि उस्तादांचं बोट पानाच्या कडेचं पीस चाचपत होतं.

"लावा कुलूप," मी म्हटलं. "आता घाई नाही."